विषारी औषधाला चरबीचे वेष्टन

रक्ताच्या कर्करोगावर जहाल औषधे दिली की कर्कपेशींबरोबर पांढऱ्या पेशीही मरतात. मग दोन-तीन आठवडे शरीर उघडे पडते आणि आपण रोज श्वासावाटे सहज पचवतो तो अ‍ॅस्परजिलस बुरशीचा बीजाणू फुप्फुसात रुजतो. कर्करोग हटला, पण रुग्ण बुरशीने गेला, असे अनेकदा घडले आहे.

बुरशीवर औषध शोधणे अवघड का? जिवाणू आपल्याहून फार वेगळे. बुरशीची पेशी मात्र आपल्यासारखीच, केंद्रक असलेली. उपयोगी फरक सापडला तो पेशीपटलात. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५०च्या दशकात मिळालेले अ‍ॅम्फोटेरिसिन-बी एर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पटल निकामी करते. (आपल्याकडे १९६१ साली पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाने याच कुळातले हॅमायसिन शोधले. त्याच्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!)

पण अ‍ॅम्फोटेरिसिन थोडेफार कोलेस्टेरॉललाही चिकटते. रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो, मूत्रपिंडे बिघडतात. पुरेशी मात्रा द्यावी तर मूत्रपिंड जाते, कमी द्यावी तर बुरशी उरते.

वाट दाखवली ती औषधशास्त्राबाहेरच्या कामाने. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात दाखवले होते, की लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात आपोआप सूक्ष्म पिशव्या बनवतात. हेच लायपोसोम. अ‍ॅम्फोटेरिसिन या पिशवीच्या भिंतीत बसवले, तर ते मूत्रपिंडाला कमी बाधते आणि बुरशीपर्यंत मात्र पोचते. अमेरिकेत ह्यूस्टनला १९८०च्या दशकात कर्करुग्णांवर हा प्रयोग झाला. परदेशी औषध आपल्या रुग्णांना न परवडणारे. तेव्हा दिल्ली विद्यापीठात प्रा. बच्छावत आणि मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटांनी देशी लायपोसोम घडवले. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन ज्याच्यापुढे हरले होते, असा शरीरभर पसरलेला कँडिडाचा संसर्ग यामुळे बरा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केली. बोरिवली-मुलुंडहून लोकलने परळ गाठणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने यातला किमतीचा भाग आम्हांला शोधाइतकाच मोलाचा वाटतो. हे औषध पुढे फंजिसोम नावाने बाजारात आले. शिरेतून देण्यापूर्वी त्याची कुपी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हलवून घ्यावी लागते. त्यामुळे पिशव्या बारीक होतात.

२००२पासून अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनाझोल हे अधिक चांगले औषध मिळाले. म्युकर बुरशीला मात्र ते बाधत नाही. म्हणूनच २०२१मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस आला तेव्हा, नातेवाईक औषधांच्या दुकानादुकानांतून अ‍ॅम्फोटेरिसिनच्याच कुप्या शोधत होते.