चिलीतली सात खुर्च्यांची खोली

इंटरनेटवर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. षटकोनी खोली, मधोमध गोलाकार मांडलेल्या सात पांढऱ्या खुर्च्या, खुर्च्यांच्या हातांवर मोठाली बटणं, भिंतींवर पडदे. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, की हा ‘स्टार ट्रेक’चा सेट नाही, १९७२ सालचं चिलीमधलं सरकारी दालन आहे. फोटो खरा आहे. त्यासोबत फिरणारी गोष्ट मात्र अर्धीच खरी आहे. चिलीच्या समाजवादी सरकारने म्हणे या खोलीत बसून संगणकावर अख्खा देश चालवला! त्या खोलीतून देश एक दिवसही चालला नाही. ती कधी पूर्णपणे कामाला लागलीच नाही. प्रकल्पाचा जो काही खरा उपयोग झाला, तो फोटोत न दिसणाऱ्या एका खडखडाट करणाऱ्या यंत्रामुळे.

गोष्ट सुरू होते १९७० च्या शेवटी. साल्वादोर आयेंदे निवडणूक जिंकून चिलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. बंदुकीच्या जोरावर नाही, मतपेटीतून आलेला समाजवाद, म्हणून जगाचं लक्ष तिकडे होतं. पुढच्या जुलैमध्ये तांब्याच्या खाणी राष्ट्रीय मालकीच्या झाल्या. पाठोपाठ कापड, सिमेंट, पोलाद असे कारखानेही सरकारकडे येऊ लागले. घेणं सोपं होतं, चालवणं अवघड. कुठल्या कारखान्यात किती कच्चा माल उरलाय, कुठलं यंत्र बंद पडलंय हे सांतियागोतल्या साहेबांना कळेपर्यंत महिने उलटत.

सरकारी विकास महामंडळात फर्नांदो फ्लोरेस नावाचा २८ वर्षांचा इंजिनिअर होता. त्याने जुलै १९७१ मध्ये इंग्लंडला एका माणसाला पत्र लिहिलं. माणसाचं नाव स्टॅफर्ड बिअर. होय, आडनाव तेच. लांब दाढी, तोंडात सिगार, दारात रोल्स-रॉइस, असा हा व्यवस्थापन सल्लागार. तरुणपणी ब्रिटिश सैन्यातर्फे काही वर्षं भारतातही राहून गेलेला. आपली पुस्तकं जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी वाचतंय, आणि ती वापरून एका देशाचा उद्योग चालवू म्हणतंय, हे कळल्यावर तो थांबलाच नाही. नोव्हेंबरमध्ये सांतियागोत हजर झाला.

बिअरचा विषय होता सायबरनेटिक्स. हा शब्द रूढ केला अमेरिकी गणिती नॉर्बर्ट वीनरने, १९४८ मध्ये, सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. होडी हाकणारा तांडेल समुद्राचं सगळं गणित आधी मांडून निघत नाही. होडी डावीकडे सरकली की तो सुकाणू थोडं उजवीकडे घेतो, पुन्हा बघतो, पुन्हा सावरतो. आपण केलेल्याचा परिणाम बघून पुढचं करणं, म्हणजेच फीडबॅक. वीनरने दाखवलं की विमानावर नेम धरणारी तोफ, आपला हात आणि कारखान्यातलं यंत्र यांच्याकडे या एकाच नजरेने बघता येतं. त्यात रॉस ॲशबी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने भर घातली. त्याचा नियम साध्या शब्दांत असा: ज्याच्यावर ताबा ठेवायचा त्याच्या जितक्या तऱ्हा, तितक्या तऱ्हा ताबा ठेवणाऱ्याकडेही हव्यात. दहा गावांचं वागणं एका कार्यालयाच्या डोक्यात मावत नाही. मग उपाय काय? बिअरचं उत्तर: गावालाच ठरवू द्या. त्याच्या आवाक्याबाहेर जाईल तेवढंच वर येऊ द्या.

आयेंदे मुळात डॉक्टर. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात बिअरने त्यांना कागदावर मज्जासंस्थेसारखं एक चित्र काढून दाखवलं. खालून वर पाच पातळ्या. सगळ्यात वरच्या पाचव्या चौकोनापाशी आल्यावर तो ‘हे तुम्ही’ असं म्हणणार, तोच आयेंदे खुर्चीत मागे रेलून म्हणाले, ‘शेवटी एकदाचे! जनता.’ ही आठवण बिअरनेच पुढे सांगितलेली, म्हणजे तिला थोडा मुलामा असणारच. पण पुढे प्रकल्पाचं जे झालं, ते बघता ती विसरून चालत नाही.

प्रकल्पाचं नाव सायबरसिन. स्पॅनिशमध्ये ‘सिन्को’, आणि सिन्को म्हणजे पाचही. हाताशी साधनं काय? एक मेनफ्रेम संगणक, तोही वाटून घेतलेला. आणि आधीच्या सरकारने विकत घेऊन गोदामात टाकून दिलेली शेकडो टेलेक्स यंत्रं. टेलेक्स म्हणजे तारेवरून चालणारा टाइपरायटर. इकडे टाइप केलं की तिकडे कागदावर उमटतं, आणि तिकडचा माणूस लगेच उलट टाइप करू शकतो. ही यंत्रं कारखान्यांत बसवायची, रोजचे आकडे राजधानीत पाठवायचे, संगणकाने त्यातलं वावगं हेरायचं. वावगं दिसलं की इशारा आधी त्या कारखान्यालाच जायचा. ठरलेल्या मुदतीत त्याला ते निस्तरता आलं नाही तरच बातमी वरच्या पातळीवर, तिथेही नाही जमलं तर आणखी वर. लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवताना खालच्याला आधी वेळ द्यायचा, हा विचार मला आजही थक्क करतो. आपल्या फोनमधली ॲप्स बरोबर उलटं करतात.

चौथा भाग ती खोली. (तिसरा भाग म्हणजे अर्थव्यवस्थेचं संगणकावरचं प्रारूप. त्याच १९७२ साली आलेल्या ‘लिमिट्स टू ग्रोथ’च्या जागतिक प्रारूपाला वापरलेलीच संगणकीय भाषा यालाही वापरली होती. ते प्रयोगापुढे गेलं नाही.) खोलीची रचना गुई बोन्सिपे या जर्मन डिझायनरच्या गटाने केली. खुर्च्यांना कळफलक नव्हता, मोठी बटणंच होती. कारण टाइप करणं हे सेक्रेटरी बाईचं काम, साहेब ते करणार नाहीत, हे धरूनच चाललं होतं. भिंतीवर दिसणारे तक्तेही संगणकातून थेट येत नव्हते. चार तरुण ग्राफिक डिझायनर मुली ते हाताने काढत, त्यांच्या स्लाइड बनत, आणि बटण दाबलं की प्रोजेक्टर ती स्लाइड पुढे करी. भविष्याचा तो सगळा देखावा त्या मुलींच्या हातावर उभा होता. फोटोत त्या नाहीत.

ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांनी संप पुकारला. निमित्त, दक्षिणेच्या आयसेन प्रांतात सरकारी वाहतूक कंपनी काढण्याच्या बेताचं. पाहता पाहता दुकानदार, डॉक्टर, वकील त्यात आले. चिली म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली हजारो किलोमीटरची चिंचोळी पट्टी. ट्रक थांबले की पीठ थांबतं, पेट्रोल थांबतं. तेव्हा फ्लोरेसला सुचलं, की टेलेक्सचं जाळं आकडे गोळा करण्याऐवजी याच्यासाठी वापरू. कुठला रस्ता मोकळा आहे, कुणाकडे ट्रक आहे, कुठल्या कारखान्यात कशाचा तुटवडा आहे, शेजारच्या कुणाकडे तो माल पडून आहे. दिवसाला दोन हजारांच्या आसपास संदेश येऊ-जाऊ लागले. संपात न उतरलेले मोजके ट्रक त्या माहितीवर फिरवले गेले. इथे संगणकाने काही केलं नाही. माणसं माणसांशी बोलत होती, आणि उत्तर त्याच दिवशी मिळत होतं.

मात्र टेलेक्सने सरकार वाचवलं, हे म्हणणं फुगवलेलं आहे. आयेंदेंनी सेनाप्रमुख कार्लोस प्रॅट्स यांना मंत्रिमंडळात घेतलं तेव्हा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला संप मिटला.

मला यात बिअरची खरी चूक दिसते ती वेगळीच. कुठलीही व्यवस्था अभ्यासायची तर आधी तिची सीमा आखावी लागते. सायबरसिनची सीमा कारखान्याच्या फाटकाशी संपत होती. आत किती कापूस आला, बाहेर किती कापड गेलं, हे मोजलं जात होतं. फाटकाबाहेर पावासाठी रांगा होत्या, काळा बाजार होता, १९७२ मध्ये शंभर टक्क्यांपलीकडे गेलेली महागाई होती. अमेरिकेने कर्जं आखडली होती, त्यामुळे यंत्रांचे सुटे भाग मिळत नव्हते. विरोधी गटांना सीआयएचा पैसा मिळत होता, हे पुढे अमेरिकी सिनेटच्याच समितीने नोंदवलं. यातलं काहीही त्या पडद्यांवर उमटणार नव्हतं. आणि फाटकाच्या आत तरी? कामगारांशी बोलून प्रारूप बनवायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात तरुण इंजिनिअर आले आणि बहुतेक वेळा व्यवस्थापकांशी बोलून गेले. पाचव्या चौकोनातली जनता चित्रातच राहिली.

बिअरला हे कळत नव्हतं असं नाही. घरोघरी एक चकती द्यावी, माणसाने ती ‘बरं चाललंय’ ते ‘वाईट चाललंय’ यांच्यामध्ये फिरवावी, आणि सरकारला ते त्या क्षणी दिसावं, अशी त्याची कल्पना होती. त्याच्या मुलाने असं यंत्र बनवलंही. ते चिलीच्या घरांत पोचलं नाही. पोचलं असतं तर? ‘वाईट’कडे चकती फिरवणाऱ्याचं घर कुठलं, हेही कुणाला तरी दिसलं असतं, आणि थोड्याच दिवसांत सत्तेवर कोण येणार होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. आयेंदे त्या दिवशी गेले. फ्लोरेस तोवर मंत्री झाला होता. त्याने तीन वर्षं कैदेत काढली, मग कॅलिफोर्नियात जाऊन पीएचडी केली आणि टेरी विनोग्रॅडबरोबर १९८६ मध्ये संगणकावर एक पुस्तक लिहिलं. त्यात संगणकाकडे विचार करणारं यंत्र म्हणून बघितलेलंच नाही. माणसं एकमेकांना विनंती करतात, शब्द देतात, तो पाळतात किंवा मोडतात, आणि त्या बोलण्याला जागा देणारं साधन म्हणजे संगणक, असं त्यात म्हटलंय. बिअर सत्तरच्याच दशकात वेल्समधल्या एका साध्या झोपडीवजा घरात राहायला गेला.

खोली लष्कराच्या हाती लागली. हे नेमकं कशासाठी आहे, याचा उलगडा अधिकाऱ्यांना झाला नाही, आणि ती मोडून टाकण्यात आली. एका सैनिकाने म्हणे सुरी घेऊन त्या मुलींनी बनवलेली एकेक स्लाइड भोसकली.