वहिवाटीचा रस्ता आणि बंद वाडे

कोर्टकचेरीशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना ‘वहिवाट’ हा शब्द परका नाही. शेजाऱ्याच्या शेतातून आपल्या विहिरीकडे जाणारी पायवाट असते. जमीन शेजाऱ्याची, पण वर्षानुवर्षे उघडपणे, कोणाची मनधरणी न करता, त्या वाटेने आपण जात-येत राहिलो म्हणजे त्या जाण्यायेण्याला हक्काचे रूप येते. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने त्यासाठी वीस वर्षांची मुदत घातली आहे. त्याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. वीस वर्षे त्या वाटेने कोणी फिरकलेच नाही तर हक्क बुडतो. आणि मालकाच्या परवानगीने चाललेले जाणेयेणे कितीही जुने असले तरी त्यातून हक्क उत्पन्न होत नाही. आम्ही ज्या रस्त्याची हकीकत सांगणार आहोत तो शेतातला नव्हे, इंटरनेटवरचा आहे. परंतु त्याचा इतिहास चाळताना या कायद्याची, विशेषतः त्यातील परवानगीच्या मुद्द्याची, आठवण आम्हांला वारंवार झाली.

या रस्त्याचे नाव आरएसएस फीड. (या तीन अक्षरांनी आपल्याकडे निराळीच आठवण होते, तिचा येथे काही संबंध नाही.) त्याची रचना अगदी साधी आहे. एखादे वृत्तपत्र किंवा संस्था आपल्या संकेतस्थळावर नवा मजकूर घालते, तेव्हा त्याच्या जोडीला एक लहानशी फाईल ठेवते. तीत प्रत्येक लेखाचा मथळा, तारीख, थोडा सारांश आणि मूळ लेखाचा पत्ता असतो. फाईलची मांडणी जगजाहीर असल्यामुळे कोणीही लिहिलेला प्रोग्राम ती वाचू शकतो. वाचकाने आपल्या आवडीच्या तीस-चाळीस ठिकाणांची यादी त्या प्रोग्रामला दिली की तो थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक दारी जाऊन येतो आणि नवे काय ते तारखेच्या क्रमाने पुढ्यात मांडतो. खाते उघडावे लागत नाही. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे नावही ठाऊक नसते. आणि कोणाचा लेख आधी दाखवावा, कोणाचा मागे ठेवावा, हे ठरविणारा तिसरा इसम मध्ये नसतो. सगळा तंटा या तिसऱ्या इसमाचा आहे.

इंटरनेट आरंभी खुले होते, मग मोठ्या कंपन्या आल्या आणि ते बंद झाले, असा एक समज रूढ आहे. तो पुरता खरा नाही. बंद वाड्यांची एक पिढी त्याआधीच होऊन गेली होती. अमेरिकेत कॉम्प्युसर्व्ह, प्रॉडिजी, अमेरिका ऑनलाइन या सेवा आपापल्या वर्गणीदारांना आपापल्या भिंतींच्या आत बातम्या, पत्रव्यवहार, गप्पागोष्टी पुरवीत असत. त्यांच्या भिंती कशाने पाडल्या? कायद्याने नव्हे; फुकट वाटलेल्या काही कागदांनी. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर कसे पोचवावे याचा नियम लिहून सर्वांसाठी प्रसिद्ध केला. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेने टिम बर्नर्स-ली यांचे वेबचे तंत्र सर्वांसाठी मोफत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या ‘गोफर’ या स्पर्धक पद्धतीच्या सर्व्हर-प्रोग्रामवर काही जणांकडून शुल्क घेण्याचे ठरविले, आणि लोकांनी गोफरकडे पाठ फिरविली. नव्वदीच्या दशकात वाड्यांना एकामागून एक आपले दरवाजे इंटरनेटकडे उघडावे लागले. पहिली फेरी खुल्या रस्त्याने जिंकली, ही गोष्ट आज लोक विसरले आहेत.

मराठी वाचकाला तर हा प्रश्न मुळीच परका वाटू नये. आपली वृत्तपत्रे प्रथम इंटरनेटवर आली तेव्हा ज्याचा त्याचा फाँट निराळा होता. एका पत्राचा फाँट उतरवून घ्यावा तर दुसऱ्याचे पान उघडताच अनाकलनीय अक्षरांचा सडा पडे. आणि एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे न्यावा तर त्याची रांगोळी होई. प्रत्येक फाँट हा एक बंद वाडाच होता. वस्तुतः देवनागरीसाठी खुला संकेत तयार होता. १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, भारत सरकारच्या इस्की या मानकाच्या आधारे, देवनागरीला जागा मिळालेली होती. पण संकेत कागदावर असणे निराळे आणि वहिवाटीत येणे निराळे. मधल्या काळात मराठीत जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे आज यंत्राला वाचता येत नाही. हे नुकसान आपण फारसे मोजलेले नाही.

आता फीडच्या जन्माकडे वळू. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांनी ती मांडणी सिद्ध केली. हेतू काही परोपकाराचा नव्हता. इतरांचे मथळे आपल्या पानावर आणून वाचक आपल्यापाशी खिळवून ठेवावे, असा कंपनीचा साधा हिशेब होता. म्हणजे हा खुला रस्ता एका वाड्याच्या अंगणात आखला गेला. त्याच महिन्यात नेटस्केप अमेरिका ऑनलाइनच्या पूर्ण ताब्यात गेली, आणि पुढे दोन वर्षांत नव्या मालकाने या लेकराची कागदपत्रेदेखील आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकली.

पोरक्या मुलाला दोन पालक भेटले आणि दोघांचे पटेना. एका गटात स्वतः गुहा होते आणि वयाच्या चौदाव्या वर्षी त्यात सामील झालेला आरन स्वार्ट्झ होता. त्यांनी डिसेंबर २००० मध्ये आवृत्ती १.० काढली. दुसऱ्या बाजूला डेव्ह वाइनर हे साधेपणाचे आग्रही. त्यांनी त्याच महिन्यात ०.९२ आणि पुढे सप्टेंबर २००२ मध्ये २.० काढली. त्यामुळे १.० नंतर २.० आली असे वाटते, पण या दोन गाद्या निरनिराळ्या आहेत. सातारा आणि कोल्हापूर यांच्यात १७३१ मध्ये वारणेचा तह तरी झाला. येथे तसा तह झालाच नाही. उलट पुढे ‘अ‍ॅटम’ नावाची तिसरी गादी निर्माण झाली. या भाऊबंदकीने फीड बुडाले असे पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांला ते पटत नाही. वाचणारे प्रोग्राम तिन्ही मांडण्या वाचावयास लवकरच शिकले, आणि सामान्य वाचकाला भांडणाची गंधवार्ताही नव्हती.

घाव दुसरीकडून आला, आणि तो देणगीच्या रूपाने आला. ऑक्टोबर २००५ मध्ये गूगलने ‘रीडर’ हा फीड वाचण्याचा प्रोग्राम सुरू केला. तो फुकट होता, चपळ होता, उत्तमही होता. तोवर या धंद्यात लहान लहान दुकाने बरीच होती: ब्लॉगलाइन्स, नेटन्यूजवायर, फीडडेमन. फुकट आणि उत्तम मालापुढे दुकानदार किती दिवस टिकणार? २००९ मध्ये न्यूजगेटर कंपनीने आपली वाचनसेवा बंद करून गिऱ्हाइकांना सरळ गूगलचा पत्ता दिला. रस्ता अजून सर्वांचाच होता. परंतु त्यावरून जाणारे बहुतेक सगळे एकाच धर्मशाळेत उतरू लागले. मग १३ मार्च २०१३ रोजी गूगलने जाहीर केले की १ जुलैपासून धर्मशाळा बंद. त्या दिवशी केवढा हलकल्लोळ उडाला हे ज्यांनी पाहिले त्यांच्या स्मरणात असेल. सगळे बोट २०१३ कडे दाखवितात. आमच्या मते दोष २००५ चा आहे, आणि तो एकट्या गूगलचा नाही. आम्हां वाचकांनाही एकाच दारी जाणे सोयीचे वाटले होते.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फीडडेमनच्या कर्त्याने त्या वर्षी आपला प्रोग्राम कायमचा थांबविला; पण वाचकांचे सामान बुडाले नाही. कोणाकोणाचे फीड आपण घेतो याची यादी ‘ओपीएमएल’ या खुल्या मांडणीत बाहेर काढता येत होती. लोकांनी गाठोडे उचलले आणि ते दुसऱ्या दारी गेले. घोषणेनंतर अठ्ठेचाळीस तासांत पाच लाखांवर वाचक आपल्याकडे आल्याचे ‘फीडली’ने सांगितले. मालक निघून गेला तरी वाट राहिली.

आता परवानगीची वाट पाहा. ट्विटरवर आरंभी प्रत्येकाच्या लिखाणाचे फीड मिळत असे. कित्येकांनी त्यावर प्रोग्राम उभारले, काहींनी धंदेही. जून २०१३ मध्ये कंपनीने जुनी सोय मोडली आणि ती फीड एका दिवसात गेली. गूगलच्या ‘टॉक’ने जानेवारी २००६ मध्ये दुसऱ्यांच्या यंत्रांवरील माणसांशीही बोलण्याची मुभा एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलने दिली होती, मे २०१३ मध्ये आलेल्या ‘हँगआउट्स’मध्ये ती राहिली नाही. या तक्रारी कोणत्या कोर्टात न्याव्यात? जमीन त्यांची, परवानगी त्यांची. हक्क कधी उत्पन्नच झाला नव्हता. मौज अशी की सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने आपल्या नव्या रचनेला ‘न्यूज फीड’ हेच नाव दिले. शब्द तोच. पण त्यात क्रम तारखेचा राहिला नाही, यादी वाचकाची राहिली नाही, आणि तो तिसरा इसम मध्यभागी येऊन बसला. आज आपल्याकडे कोणी ‘फीड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हाच दुसरा अर्थ असतो.

वाड्यांवर नुसते तोंडसुख घेणे मात्र आम्हांला मंजूर नाही. फीड हे एकट्याने वाचण्याचे साधन होते. त्यात उत्तर देण्याची, चार माणसे भेटण्याची सोय नव्हती. यादी जमविणे कष्टाचे होते. आणि लिहिणाऱ्याच्या पोटाचे काय, या प्रश्नाला खुल्या रस्त्याच्या कैवाऱ्यांनी कधी सरळ उत्तर दिले नाही. ज्या आजोबांना नातवाचा फोटो पाहावयाचा आहे त्यांना प्रोटोकॉलचे माहात्म्य सांगून काय उपयोग? त्यांना फोटो वाड्यात मिळाला, म्हणून ते वाड्यात गेले.

खुला रस्ता नांदता राहतो कसा, याचे उदाहरण पाहावयाचे तर ते ध्वनीच्या क्षेत्रात आहे. ०.९२ आवृत्तीत वाइनर यांनी फीडला ध्वनिमुद्रण जोडण्याची युक्ती घातली होती. तिच्यातून पॉडकास्ट निघाले. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये त्यांची सूची घातली, पण ती सूचीच राहिली. मुद्रण लिहित्या-बोलत्याच्या स्वतःच्या जागेवर, फीड त्याच्या हाती, आणि श्रोता कोणत्याही प्रोग्रामने ऐकावयास मोकळा. पुढे २०१९ पासून स्पॉटिफायने कोट्यवधी डॉलर ओतून काही कार्यक्रम आपल्या भिंतीआड नेले. जो रोगन यांचा गाजलेला कार्यक्रम २०२० मध्ये असाच आत गेला, आणि २०२४ मध्ये पुन्हा इतर ठिकाणी ऐकावयास मिळू लागला. वाड्याने पैसा दिला. श्रोत्यांनी बाहेरची सवय सोडली नव्हती.

फीडची ती जुनी फाईलही गेलेली नाही. वर्डप्रेसवर उभारलेले संकेतस्थळ मालकाने काही न सांगता फीड काढीत असते. कित्येक मालकांना आपले फीड आहे हे ठाऊकही नसते. घरी गेल्यावर अशा एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द रोमन अक्षरांत जोडून पाहावा. पुष्कळदा फाईल उघडते. ओबडधोबड दिसते, कंसांनी भरलेली असते. पण वरच्या दोनचार ओळी सोडून खाली गेले की मथळे लागतात, आणि प्रत्येक मथळ्याखाली तारीख असते. आम्ही परवाच एक उघडली. सर्वांत वरची तारीख त्याच दिवसाची होती.