संरक्षक जीन्स (मोटारसायकल)
संरक्षक जीन्स ही मोटारसायकलस्वारांसाठीची, घर्षणरोधक कापडाची व गुडघ्यांवर आघात शोषणारे पॅड असलेली विजार होय. साधे डेनिम डांबरी रस्त्यावर घसरताना क्षणार्धात फाटते; म्हणून हिच्यात अ‍ॅरामिडसारखे चिवट धागे वापरतात. युरोपीय मानक ईएन १७०९२ नुसार तिला एएए, एए, ए अशा उतरत्या श्रेणी मिळतात. ए श्रेणीत नितंबांचे पॅड बंधनकारक नसतात. पॅडचे मानक वेगळे, ईएन १६२१-१. त्यातील पातळी २ अधिक आघात शोषते. पॅड गुडघ्यावरून सरकल्यास श्रेणीचा उपयोग नाही, त्यामुळे माप गाडीवर बसून तपासावे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचे आहे, विजार नाही. सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे जाते. तेथे जाड अस्तराची जीन्स बहुधा घरीच राहते, एकपदरी निदान अंगावर असते.