विमानाचे पंख मागे झुकलेले का असतात?

जेट विमानाचे पंख सरळ नसतात, मागे झुकलेले असतात. ध्वनीपेक्षा वेगवान उड्डाणासाठी ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ बुसेमान यांनी १९३५ मध्ये रोमच्या व्होल्टा परिषदेत मांडली. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचलं की पंखांवर शॉकवेव्ह तयार होतात आणि हवेचा विरोध एकदम वाढतो. पंख तिरका असला की हवेच्या वेगाचा काही भागच त्याला काटकोनात भिडतो. त्यामुळे हा त्रास आणखी जास्त वेगावर सुरू होतो.

गंमत म्हणजे, जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ या जेट लढाऊ विमानाचे पंख १८.५ अंश मागे होते, पण वेगासाठी नव्हे! इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाल्याने तोल सांभाळायला ते मागे घ्यावे लागले.

१९४५ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट जोन्स स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर पोहोचले. त्याच वर्षी मे महिन्यात बोइंगचे जॉर्ज शायरर यांनी जर्मनीत तिथल्या संशोधनाची कागदपत्रं पाहिली आणि लगेच कंपनीला पत्र पाठवलं. बोइंगने सरळ पंखांचा आराखडा बाजूला ठेवला. १७ डिसेंबर १९४७ रोजी ३५ अंश झुकलेल्या पंखांचं बी-४७ बॉम्बर आकाशात झेपावलं. आजची प्रवासी जेट विमानं त्याच वाटेने आली आहेत.