ब्राउनलो हिलची अ‍ॅग्नेस

मोशे दिवसभर एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसला होता, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने त्याला थांबवून कामाची वाटणी करायला लावली. निर्गमच्या १८ व्या अध्यायातला हा प्रसंग मंडळीच्या कमिट्या नेमताना आपण हमखास वाचतो. आजाऱ्यांच्या सेवेविषयी बोलताना मात्र तो क्वचितच आठवतो. तिथे आपल्याला एकटीने राबणारी परिचारिकाच भावते. म्हणून आज अ‍ॅग्नेस जोन्स हिच्याविषयी.

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात ब्राउनलो हिल येथे निराधार गरिबांसाठी एक प्रचंड वर्कहाउस होते. ते पॅरिशच्या मंडळाकडून, पॅरिशने गोळा केलेल्या करावर चाले. (पॅरिश म्हणजे केवळ रविवारची उपासना नव्हे, हे तेव्हाच्या लोकांना सांगावे लागत नसे.) त्याच्या दवाखान्यात हजाराहून अधिक आजारी असत. काही बरे होऊन जात. पण वृद्ध, पांगळे, जुनाट दुखण्याचे कित्येक जण तिथेच शेवटपर्यंत खाटेला खिळून राहत. त्यांचे करायचे कोणी, तर वर्कहाउसातल्याच गरीब बायकांनी. शिक्षण नाही, आणि अनेकींना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही वाचता येत नसे.

१८६४ साली तिथले व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहिले आणि प्रशिक्षित परिचारिकांचा तीन वर्षांचा खर्च स्वतः उचलला. १८६५ च्या मे महिन्यात लंडनहून नाइटिंगेल यांच्या शाळेच्या १२ परिचारिका आल्या. त्यांची प्रमुख अ‍ॅग्नेस, वय ३२, आयरिश घराण्यातली, जर्मनीतील कैसरस्वर्थच्या डीकनेस भगिनींकडे राहून शिकलेली, प्रार्थनेत रुजलेली.

हजाराला १२. सगळे आपणच करू म्हणण्याची सोयच नव्हती. तेव्हा वॉर्डाची जबाबदारी शिकलेल्या परिचारिकेकडे, तिच्या हाताखाली शिकाऊ मुली, आणि मदतीला थोडा पगार देऊन वर्कहाउसातल्याच पन्नासहून अधिक बायका, अशी रचना झाली. शेवटची पायरी ढासळली. दारूपायी अनेकींना काढावे लागले. अहवाल वाचणारे दोष त्या बायकांच्या माथी मारून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. ज्यांच्या आयुष्यात निवड अशी कधी नव्हतीच, त्यांच्या हाती न शिकवता रोगी दिले, तर त्याला काम सोपवणे म्हणत नाहीत, काम ढकलणे म्हणतात.

आपल्या ओळखीच्या वृद्धाश्रमांतही हेच पाहावे. आजोबांची कूस बदलते मावशी, भरवते मावशी, पाठीवरची लाली पहिल्यांदा दिसते तीही मावशीलाच. ती लाली म्हणजे उद्याची जखम, हे तिला कोणी सांगितले आहे का? दिसल्यावर कोणाला सांगायचे ते तिला माहीत आहे का? आणि सांगितले तर सिस्टर ऐकून घेतात, की ‘तू तुझं काम कर’ म्हणतात? नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात यासाठी एक प्रकरणच लिहिले आहे. त्यांचा रोख असा, की आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही व्हावे, याची व्यवस्था लावणे हाच प्रमुखपणा.

अ‍ॅग्नेसने वॉर्ड सोपवले, पण स्वतःचा भार कोणाकडे सोपवणार? हिशेब, रात्रीच्या फेऱ्या, बायबल वर्ग, शिवाय परिचारिकांवर हुकूम कोणाचा चालायचा यावरून वर्कहाउसच्या गव्हर्नरशी वारंवार खटके. तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी तयार झालेली नव्हती. १८६८ च्या सुरुवातीला तिला टायफसचा ताप आला आणि १९ फेब्रुवारीला, ३५ व्या वर्षी, ती गेली. योग्य उत्तराधिकारी मिळायला फार जड गेले.

त्याच वर्षी नाइटिंगेल यांनी ‘गुड वर्ड्स’ मासिकात तिच्यावर लेख लिहिला, आणि तेव्हापासून ती बलिदानाची मूर्ती झाली. मान तिला मिळायलाच हवा. पण इथ्रोसारखे तिला कोणी वेळीच थांबवले असते, तर ती मूर्ती होण्याऐवजी म्हातारी झाली असती, आणि ते आम्हाला अधिक आवडले असते.

ते वर्कहाउस पुढे पाडले गेले. त्याच जागेवर आज लिव्हरपूलचे कॅथलिक कॅथेड्रल उभे आहे. अ‍ॅग्नेसचे चित्र मात्र त्याच शहरातल्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये, लेडी चॅपलच्या रंगीत काचेत आहे.