श्रम आणि व्यायाम

वैनगंगेच्या खोऱ्यांत, वडसा (देसाईगंज) गांवाच्या आसपास, पावसाळ्यांत धानाची रोवणी चालते. बांधींतील चिखलांत उभ्या राहून स्त्रिया दिवसभर कमरेंतून वाकून पऱ्हे रोवतात आणि संध्याकाळीं कंबर धरून घरीं परततात. इतके कष्ट उपसणाऱ्या माणसास व्यायामाची काय गरज, असें पुष्कळांस वाटतें. परंतु श्रमांत शरीर कामाच्या सोयीनें वाकतें; व्यायामांत तें मनाच्या आज्ञेनें वळतें. हा भेद ज्या दोघांनीं आयुष्यभर शिकविला, ते दोघेही १८८३ सालींच जन्मले, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

पहिला, जर्मनींतील मुन्शनग्लाडबाख येथील जोसेफ पिलाटीस. लहानपणीं दमा व मुडदूस या विकारांनीं तो जर्जर झाला होता. पहिल्या महायुद्धांत तो इंग्लंडमध्यें असल्यामुळें शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यास मॅन बेटावरील छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें. तेथें त्यानें आपल्या सोबत्यांना व्यायाम शिकविला. आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून पडल्यापडल्या हातपाय हलविण्याची युक्ति त्यानें तेथेंच काढली, असें सांगतात. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. आपल्या पद्धतीस त्यानें ‘कंट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणविद्या, असें नांव दिलें व १९४५ सालीं तिजवर पुस्तक लिहिलें. पोट व कंबर यांचे स्नायु आवरून धरावे, श्वास पूर्ण सोडावा व पूर्ण घ्यावा, हालचाल सावकाश व मोजकी करावी, आणि मन त्या हालचालीवरच ठेवावें, हें त्याच्या शिकवणीचें सार. १९६७ सालीं तो वारला. आज ती पद्धति त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

दुसरे, स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्यास राजरत्न माणिकरावांपाशीं त्यांनीं देशी व्यायामाचें शिक्षण घेतलें आणि परमहंस माधवदासजींकडून योगाचें. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. उड्डियान व नौलि करतांना पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्ष-किरणांनीं व दाबमापकानें तपासलें. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असें त्यांना आढळलें. जें गुरुमुखानें चालत आलें होतें, तें त्यांनीं यंत्रापुढें उभें केलें. १९६६ सालीं त्यांचें देहावसान झालें.

एक छावणींतून निघाला, दुसरे प्रयोगशाळेंत शिरले. परंतु व्यायामाचें माप घामावरून घेऊं नये, हें दोघांनींही सांगितलें. त्याचा लाभ दुहेरी आहे. कण्यास आधार देणारे स्नायु बळकट होतात व शरीराचा तोल सुधारतो. दीर्घ निःश्वासानें नाडी मंदावते; आणि श्वासाकडे लक्ष गुंतल्यामुळें मनांतील काळजी तेवढा वेळ बाजूस राहते. २०१५ सालीं कंबरदुखीवरील दहा प्रयोगांचा, एकूण ५१० रुग्णांचा, आढावा प्रसिद्ध झाला. पिलाटीसचा व्यायाम करणाऱ्यांची वेदना, विशेष उपाय न करणाऱ्यांपेक्षां, कमी झालेली त्यांत दिसली. मात्र इतर व्यायामांहून तो श्रेष्ठ आहे, असें ठरलें नाहीं. म्हणून परदेशी नांवाचा मोह नको, आणि देशी नांवाचा अभिमानही पुरेसा नाहीं. नियम व सावधपणा हेंच खरें औषध.

आखाडा ही पुरुषांची जागा मानली गेली. रोवणीच्या बाईला व्यायाम कोणी सुचविलाच नाहीं. वास्तविक या दोन्ही पद्धतींतील पुष्कळ प्रकारांना एक सतरंजी पुरते. दिवसभर पुढें वाकलेल्या पाठीनें संध्याकाळीं पालथें पडून, भुजंगासनांत, सोसेल तेवढीच छाती हळूहळू उचलावी व संथ श्वास घ्यावा. आखडलेलें अंग मोकळें होण्यास त्याचें साहाय्य होतें. दुखणें पायांत उतरत असेल, तर आधीं वैद्यास दाखवावें. कष्ट करणाऱ्या शरीरासही स्वतःसाठीं दहा मिनिटें हवींत, एवढें घरांतील माणसांनीं मान्य केलें पाहिजे.