वस्तरा, पाते आणि निवडीचा अधिकार : नेवासे परिसराच्या संदर्भात क्षौरसाधनांचा इतिहास

क्षौरासाठी पाते कोणते घ्यावे, ब्रश कोणत्या केसांचा असावा आणि साबण कोणता वापरावा, हे प्रश्न आज दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाचे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्याच्याही आधीचा एक प्रश्न उभा राहतो. ही निवड ग्राहकाच्या हाती आली केव्हा आणि कोणत्या कारणांनी? महाराष्ट्रातील खेड्यात शतकानुशतके श्मश्रू होत आली. परंतु श्मश्रू करवून घेणाऱ्याने हत्यार निवडल्याचे दिसत नाही. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी अहमदनगर (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुका, विशेषतः शनिशिंगणापूरचा परिसर, समोर ठेवला आहे. लोखंड, तेल आणि वार यांविषयीचे जे संकेत क्षौरकर्माला सर्वत्र वेढून आहेत, ते या क्षेत्राच्या दैवताशी निगडित असल्यामुळे येथे अधिक स्पष्टपणे पाहता येतात.

शिंगणापूर येथील शनैश्वराची स्वयंभू शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छत नाही. गावातील घरांना दारे व कुलुपे न लावण्याची चाल सर्वश्रुत आहे. शनीचा धातू लोखंड, त्याचे अर्पण तेल आणि त्याचा वार शनिवार. शनिवारी लोखंड वा तेल विकत घेऊ नये, तसेच केस कापू नयेत, हा संकेत महाराष्ट्रात दूरवर पाळला जातो. मुहूर्तग्रंथांतही क्षौरासाठी रवि, मंगळ व शनि हे वार वर्ज्य मानलेले असून तिथींपैकी अमावास्या टाळावी असे सांगितलेले आहे. शिंगणापूरची मोठी यात्रा शनैश्चरी अमावास्येस भरते. म्हणजे ज्या दिवशी या क्षेत्री सर्वाधिक गर्दी होते, तो दिवस वार आणि तिथी या दोन्ही दृष्टींनी क्षौरास निषिद्ध ठरतो. यातून एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या व्यवस्थेत क्षौराची चर्चा हत्याराच्या गुणदोषांविषयी नव्हती. ती काळाविषयी होती. केव्हा करावे आणि कोणाकडून करावे हे ठरलेले असे. कशाने करावे, हा प्रश्न श्मश्रू करणाऱ्याचा होता.

श्मश्रू करणाऱ्याची नावेच त्याच्या कामाचा व्याप सांगतात. ‘न्हावी’ हा शब्द संस्कृत ‘नापित’ आणि प्राकृत ‘ण्हाविअ’ या परंपरेतला असून त्याच्या मुळाशी स्नान घालण्याचा अर्थ आहे. ‘हजामत’ हा अरबी शब्द मुळात शिंगी वा तुंबडी लावून रक्त काढण्याच्या उपचाराचा वाचक होता. ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तरा’ याचे मराठी रूप होय. स्नान, शरीरोपचार आणि धार या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीच्या ठायी एकवटलेल्या होत्या. गावगाड्यातील बारा बलुतेदारांत न्हाव्याचे स्थान बहुधा मधल्या ओळीत येते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे या व्यवस्थेचा तपशील अभ्यासकांस परिचित आहे. वर्षभराच्या सेवेबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे, आणि गावात सेवा करण्याचा हक्क पिढीजात असे.

न्हाव्याची हत्यारे चामड्याच्या धोकटीत असत. वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धार लावण्याचा दगड आणि ती शेवटी साफ करण्यासाठी चामड्याचा पट्टा, एवढा हा संसार होता. संत सेना न्हावी यांच्या नावावर असलेल्या अभंगरचनेत यांतील काही वस्तू परमार्थाची रूपके म्हणून आल्या आहेत, यावरून त्यांचा समाजाला किती निकट परिचय होता हे कळते. या यादीत साबण व ब्रश नाहीत. दाढीवर पाणी लावून बोटांनी पुष्कळ वेळ चोळणे हीच केस मऊ करण्याची रीत होती. ती अशास्त्रीय मुळीच नव्हती. केस पाणी शोषून फुगतो व मऊ होतो, आणि ओला केस कापण्यास कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. ‘बिनपाण्याने करणे’ या वाक्प्रचाराला मराठीत जो निष्ठुर अर्थ आला आहे, त्याच्यामागे हाच अनुभव आहे. मात्र केस भिजवण्यास किती वेळ द्यावा, वस्तऱ्याला धार केव्हा लावावी, हे सर्व न्हाव्याच्या हाती होते. गळ्याशी धार टेकवून घेणारा मनुष्य हत्यारावर विश्वासत नसे. तो माणसावर विश्वासत असे.

या विश्वासाला जातिव्यवस्थेची कुंपणे होती, हे विसरून चालणार नाही. गावचा न्हावी महार, मांग आदी अस्पृश्य गणलेल्या जातींची श्मश्रू करीत नसे. त्याने ती केली असती तर उरलेल्या गावाने त्याचे बलुते बंद केले असते. म्हणून हा नकार एकट्या न्हाव्याच्या मर्जीचा मानणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरते. ज्याला नकार मिळे त्याच्या अपमानाची तीव्रता यामुळे कमी होत नाही; परंतु नकार देणाऱ्यालाही निवड नव्हती, हे त्या व्यवस्थेचे लक्षण होय. ब्राह्मणादी जातींतील विधवांचे केशवपन करण्याचे कामही याच वस्तऱ्याकडे आले होते, आणि तेथेही त्याला कोणी विचारीत नव्हते.

या पार्श्वभूमीवर इ. स. १८९० मध्ये मुंबईत घडलेल्या घटनेचे महत्त्व कळते. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व कामगार-पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने तेथील न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. समाजसुधारणेच्या इतिहासात तिची नोंद स्त्रियांच्या प्रश्नाच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. क्षौराच्या इतिहासात तिला आणखी एक अर्थ आहे. वस्तरा कोणावर चालवावा याविषयी वस्तरा धरणाऱ्यांनी आपले मत सामुदायिकपणे व जाहीररीत्या सांगितले. निवडीचा अधिकार ग्राहकाकडे जाण्याआधी तो कारागिराने प्रथम मागितला होता, ही गोष्ट यातून पुढे येते.

ग्राहकाच्या हाती निवड आली ती सुरक्षित वस्तऱ्यामुळे. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याने टाकाऊ पात्याचा वस्तरा १९०३ मध्ये विक्रीस आणला. त्या वर्षी त्याचे अवघे ५१ वस्तरे व १६८ पाती खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याला एकस्व मिळाले आणि त्याच वर्षी विक्री नव्वद हजार वस्तऱ्यांच्या वर गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख वस्तरे व ३ कोटी २० लाख पाती घेतली. या शोधाचे मर्म धारेपेक्षा धार लावण्याच्या कौशल्यात होते. ते कौशल्य कारखान्यात गेले आणि वापरणाऱ्याला त्याची गरज उरली नाही. हिंदुस्थानात या साधनाचा प्रसार प्रथम लष्करी छावण्या, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्या आसऱ्याने झाला. अहमदनगरचा किल्ला १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने घेतल्यानंतर तेथे मोठे लष्करी ठाणे झाले, आणि शिंगणापूर त्या शहरापासून फार दूर नाही. ठाणे आणि कचेरी यांचे वेळापत्रक रोज सकाळी गुळगुळीत हनुवटी मागत होते. आठवड्या-पंधरवड्याने येणारी न्हाव्याची पाळी आणि पंचांगातील वर्ज्य वार या वेळापत्रकाशी जुळणे कठीण होते.

या बदलास पुरुषांच्या केशरचनेतील बदलाचीही जोड मिळाली. डोके तासून शेंडी राखण्याची चाल होती तोवर दुसऱ्याच्या हाताला पर्याय नव्हता. स्वतःचे डोके स्वतः तासणे जिकिरीचे असते. केस वाढवून कापण्याची रीत रूढ झाल्यावर डोके आणि हनुवटी यांची फारकत झाली. हनुवटी घरातल्या वस्तऱ्याकडे गेली आणि डोके न्हाव्याच्या कात्रीकडे राहिले. न्हाव्याच्या धंद्याचे केंद्र वस्तऱ्याकडून कात्रीकडे सरकले. सुरक्षित वस्तऱ्याने हा व्यवसाय बुडवला नाही, याचे कारण येथे आहे. बाजारपेठेत आरसा व खुर्ची मांडून थाटलेले ‘केशकर्तनालय’ हे या स्थित्यंतराचे दृश्य रूप होय.

एकदा साधने घरात आल्यावर त्यांची पारख करण्याची विद्याही घरात यावी लागली. प्रथम पाते. आरंभीची पाती कर्बयुक्त पोलादाची होती. ती तीक्ष्ण असत, पण ओली राहिल्यास लगेच गंजत. म्हणून पाते पुसून कोरडे ठेवणे, पेल्याच्या आतल्या काचेवर घासून ते आणखी काही दिवस चालवणे, अशा घरगुती युक्त्या निघाल्या. १९६१-६२ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्किन्सन सोर्ड कंपनीने निष्कलंक पोलादाचे पाते बाजारात आणले. त्याच्या धारेवर बहुवारिकाचा सूक्ष्म थर असल्यामुळे ते केसांतून सुलभपणे सरकत असे आणि अधिक दिवस टिके. भारतातही पात्यांचे कारखाने निघाले. ठाणे येथील विद्युत मेटॅलिक्सची सुपर-मॅक्स ही त्यांपैकी महाराष्ट्रातील ठळक निर्मिती. सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीच्या या वस्तूची निवड करताना धारेइतकाच विचार दाढीच्या राठपणाचा आणि कातडीच्या नाजूकपणाचा करावा लागतो. पूर्वी हा विचार न्हाव्याच्या बोटांना ठाऊक होता.

दुसरे साधन ब्रश. बिज्जूचे केस पाणी उत्तम धरतात. डुकराचे राठ केस साबण चांगला घुसळतात. घोड्याचे केस या दोहोंच्या मधले. ब्रशच्या निवडीत आरोग्याचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे पहिल्या महायुद्धाच्या काळात दिसले. बिज्जूच्या केसांची टंचाई झाल्यावर निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे ब्रश विकले गेले, आणि १९१५ ते १९२४ या काळात अमेरिकेत सैनिक व नागरिक मिळून दोनशेहून अधिक लोकांना त्यांपासून काळपुळीचा संसर्ग झाला. आपल्याकडे या चिंतेत सोवळ्याओवळ्याची भर पडली. प्राण्याचे केस तोंडाला लागणे आणि एकच ब्रश अनेकांच्या तोंडावरून फिरणे, या दोन्ही गोष्टी पुष्कळांना खटकत. घरचा, स्वतःपुरता ब्रश हा आरोग्य आणि शुचिता या दोन वेगळ्या विचारांना एकाच वेळी मान्य होणारा तोडगा होता. पुढे नायलॉनच्या तंतूंनी प्राण्यांच्या केसांचा प्रश्नही दूर केला.

तिसरे साधन साबण. आणि येथे नेवासे परिसराचा भूगोल आड येतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण अधिक असते आणि सोड्याबरोबर पोटॅशचाही अंश असतो. त्यामुळे फेस दाट होतो व लवकर सुकत नाही. हा फेस पाण्यावर अवलंबून आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन फेसाऐवजी साका तयार होतो. अवर्षणप्रवण प्रदेशात, जेथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागतो, तेथे ही अडचण वाढते. म्हणून शहरातील नळाच्या पाण्यावर उत्तम ठरलेला साबण येथेही उत्तम ठरेल असे नाही. मुंबईत गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पती तेलाचा साबण काढल्यावर चरबीविषयीची धार्मिक हरकत मिटण्याचा मार्ग खुला झाला. पाण्याची हरकत मात्र राहिली. शेवटी जखमेवर आणि जळजळीवर फिरवण्याची तुरटी तेवढी धोकटीतून थेट घरातल्या कोनाड्यात आली.

या साधनांचा प्रसार खेड्यात होण्यास रोख पैसा आवश्यक होता. खळ्यावरचे धान्य बलुतेदारास देता येते. त्यातून पात्यांची पुडी घेता येत नाही. अहमदनगर जिल्ह्यात १९५० नंतर प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखानदारी वाढत गेली. पुढे शिंगणापूरच्या शेजारी सोनई येथेही मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस आणि मजुरी यांचा रोख पैसा गावात खेळू लागला, आणि बलुत्याचे नाते रोखीच्या नात्यात बदलत गेले. त्याच सुमारास कायद्यानेही पाऊल उचलले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे दंडनीय ठरवले. १९७६ मध्ये तो अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. परंतु कायद्याची अंमलबजावणी गावकुसापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. तोवर ज्याला न्हाव्याने नाकारले होते, त्याच्या घरातील स्वस्त वस्तरा व पात्यांची पुडी ही केवळ सोयीची वस्तू नव्हती. त्याला कोणाच्याही दारी उभे न राहता आरशात स्वतःचा चेहरा नीट करता येऊ लागला.

हाच बदल न्हाव्याच्या बाजूनेही पाहिला पाहिजे. त्याने खळ्यावरचे हक्काचे धान्य गमावले, पण दर ठरवण्याचे व धंद्याची जागा निवडण्याचे स्वातंत्र्य मिळवले. रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती झाल्यावर केशकर्तनालयांतील परंपरागत वस्तऱ्याची जागा पाते बदलता येणाऱ्या वस्तऱ्याने घेतली. दुधारी पात्याचे दोन तुकडे करून प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा तुकडा बसवण्याची रीत रूढ झाली. घरासाठी निघालेले पाते अशा रीतीने पुन्हा न्हाव्याच्या हाती आले. फरक एवढाच की आता गिऱ्हाईक ‘नवे पाते लाव’ असे म्हणू शकते.

या विवेचनावरून असे दिसते की पाते, ब्रश आणि साबण यांची निवड ही अलीकडच्या काळाची देणगी असून तिच्यामागे केवळ कारखानदारी नाही. १८९० च्या न्हाव्यांचा निश्चय, केशरचनेतील पालट, रोख पैशाचा प्रवेश आणि समतेचा कायदा या सर्वांनी मिळून ती शक्य केली. काही जुन्या मर्यादा मात्र आजही टिकून आहेत. शनिवारी दाढीला पाते न लावणारी माणसे नेवासे तालुक्यात आणि त्याबाहेरही आहेत, आणि महाराष्ट्रातील अनेक केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. हत्यार बदलले तरी काळाचे संकेत त्यामानाने सावकाश बदलतात. ग्रामीण जीवनातील वस्तूंचा इतिहास लिहिताना वस्तू कोणी घडवली याबरोबरच ती निवडण्याचा, आणि नाकारण्याचा, अधिकार कोणाकडे होता हे विचारले पाहिजे. धोकटीतील वस्तरा आणि कोनाड्यातील पाते यांमधील खरे अंतर तेथे मोजता येते.